नऊ हातांचा एक फुगा : बोहरी आळीतला सत्तर रुपयांचा हातपंप

माझी मुलगी फुगा फुटण्याच्या आवाजाला घाबरते. तिच्या दुसऱ्या वाढदिवसाला सजावटीचं काम एका माणसाला दिलं होतं. त्याने दीडशे फुगे टचटचीत भरून भिंतभर लावले आणि केक कापायच्या आधीच त्यातले अकरा फुटले. दरवेळी ती माझ्या गळ्याला आणखी घट्ट बिलगायची. ओवाळायला पाटावर बसलीच नाही. शेवटी आजीने आतल्या खोलीत तिला मांडीवर घेतलं आणि तिथेच निरांजन नेऊन ओवाळलं. पाहुणे बाहेर आणि जिचा वाढदिवस ती आत. यंदा तिसरा. तिलाच विचारलं, फुगे हवेत का गं? म्हणाली, "हवेत. फुटणारे नको."

ही अट पाळता आली ती एका साध्या हातपंपामुळे. म्हणून त्याच्याबद्दल लिहितो.

मी भोसरीत एका वर्कशॉपमध्ये फिटर आहे. आमच्याकडे सुट्टी गुरुवारची. वाढदिवसाच्या आधीच्या गुरुवारी पिंपरीहून मेट्रोने निघालो आणि मंडईला उतरलो. सप्टेंबर २०२४मध्ये हे स्टेशन सुरू झाल्यापासून पुण्याच्या पेठांत गाडी लावायची चिंता उरली नाही. लक्ष्मी रस्ता ओलांडून रविवार पेठेत शिरलं की थोड्याच वेळात बोहरी आळी. डबे, बरण्या, दोऱ्या, ब्रश, कागदी पिशव्या, झिरमिळ्या, सगळं छतापर्यंत टांगलेलं. इथे जाताना कागदावर यादी हवीच. नाहीतर माणूस दहा रुपयांची वस्तू बघता बघता हजाराची पिशवी भरून येतो. दुकानदार घाईत असतात, पण नेमकं विचारलं तर नेमकं सांगतात. मी पंप मागितल्यावर समोरच्या काकांनी पहिल्यांदा विचारलं, "फुगे किती भरायचेत दादा?" शंभरच्या आत म्हटल्यावर म्हणाले, "मग विजेचा कशाला? हा न्या, दोन्हीकडून हवा देतो." पंप उघडून दट्ट्याही दाखवला. दांडा ओढतानाही हवा जाते आणि ढकलतानाही जाते, म्हणजे एका मागे-पुढेत दुप्पट काम. घेताना एवढं तपासाच, कारण अगदी तसेच दिसणारे एकेरी पंपही तिथे टांगलेले असतात. तोंडावर बोट ठेवून दांडा दोन्ही दिशांना हलवायचा. दोन्ही वेळी बोटाला हवा लागली पाहिजे.

पंप ७० रुपये. दहा इंची फुग्यांचं शंभराचं पाकीट १८०, पाच इंची पन्नास नग ५०, कमानीची भोकाभोकाची पट्टी ३०, चिकट ठिपके २०. एकूण ३५०. गेल्या वर्षी सजावटीचे साडेतीन हजार दिले होते. फुग्यांच्या काड्याही मागितल्या तर कागदाच्या दाखवल्या. प्लास्टिकच्या काड्या १ जुलै २०२२पासून देशभर बंद आहेत, थर्माकोलची सजावटही त्याच यादीत आहे. घरी येऊन मोजलं तर शंभराच्या पाकिटात ९८ फुगे निघाले. दोनसाठी परत कोण जाणार, पण हिशेबात धरून ठेवा.

आता पंपाकडे येतो. नळकांडं आतून साडेचार सेंटिमीटर, दट्ट्याची धाव पंधरा. म्हणजे एका मागे-पुढेत साधारण अर्धा लिटर हवा. या एका मागे-पुढेला मी एक हात म्हणतो. आठ इंचाचा गोल फुगा भरायला जवळपास साडेचार लिटर लागते, म्हणजे नऊ हात. हे आधी कागदावर काढलं आणि मग करून पाहिलं, नऊच आले. तोच फुगा पुरता दहा इंच करायचा तर अठरा हात लागतात. डोळ्याला दोनच इंच वाढलेले दिसतात, पण आत हवा दुप्पट गेलेली असते आणि रबर ताणून ताणून पातळ झालेलं असतं. गेल्या वर्षीचे अकरा फुगे कशाने गेले ते इथे कळलं. पाकिटावर दहा इंच लिहिलं म्हणजे दहापर्यंत भरायचा असं नाही, दहा ही त्याची शेवटची हद्द. फुगा नासपतीसारखा लांबट दिसायला लागला, मानेपर्यंत ताण आला, की जास्त झालं. थोडी हवा सोडून परत गोल करायचा. आठ इंचाला दाबून पाहिलं तर बोट आत जातं, फुगा मऊ राहतो. पोरांनी त्यावर बसायचा प्रयत्न केला तरी तो बाजूला सरकतो.

सगळे सारखे यावेत म्हणून खोक्याच्या पुठ्ठ्यात आठ इंचाचं भोक कापलं आणि प्रत्येक फुगा त्यातून घालून पाहिला. कामावर गेज लावून बघतो तसंच. मोठे नऊ हात, छोटे दोन हात. पंधराएक फुग्यांनंतर मोजावंही लागत नाही, हातालाच कळतं.

शेजाऱ्यांचा विजेचा पंपही आदल्या रात्री आणून पाहिला. दोन सेकंदांत फुगा भरतो हे खरं. पण त्या दोन सेकंदांत थांबायचं कुठे ते समजत नाही, थोडा वेळ चालवला की तापतो, आणि घरघर एवढी की लेकीने कानांवर हात ठेवले. शिवाय दुसऱ्या दिवशी गुरुवार, आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज दहा ते दोन गेली ती गेलीच. हॉलमध्ये हजार फुगे लावणाऱ्याने तो घ्यावा. दोन खोल्यांच्या घरात आठ मुलांसाठी हातपंपच बरा.

पंपात खोट आहे, तीही सांगतो. तोंड जरा जाड आहे, पाच इंची फुगा चढवताना मान फाटायची भीती असते. एक खरंच फाटला. साठाव्या फुग्याच्या आसपास मुठीचा स्क्रू ढिला झाला, म्हणून पाना-पेचकस जवळ ठेवा. दट्ट्या सुरुवातीला घट्ट चालतो, पण तेलाचा थेंब सोडू नका. तेल हवेबरोबर फुग्यात जातं आणि तेलाने हे रबर कमकुवत होतं. दहा-बारा फुगे झाले की दांडा आपोआप मोकळा होतो.

आजी लेकीला बागेत घेऊन गेली तेवढ्या वेळात सकाळी काम केलं, सव्वा तास लागला. भरण्यापेक्षा गाठी मारण्यातच वेळ जातो, तर्जनीची साल निघते. ६६ मोठे भरले. एक खिडकीच्या गजाला लागून फुटला, एक हातातच गेला. राहिले ६४, आणि ३० छोटे. सकाळी २४ अंशांना भरलेली हवा दुपारी ३८ अंशांना पाच टक्के वाढते, आठ इंचाच्या फुग्यात तेवढी जागा आरामात असते. उन्हाची तिरीप येते ती भिंत टाळली, कारण उन्हात फुग्याची चमक जाऊन तो धुरकट होतो. कमान आणि फरशी यांच्यात काही टोचेल असं नको म्हणून फरशी दोनदा पुसली. उंबऱ्यापाशी रांगोळी काढायचा बायकोचा नेम, पण तिनेच त्या दिवशी फुलांची काढली. रांगोळीचा एक कणही फुग्याला पुरतो.

दोन गोष्टी आणल्या नाहीत, त्या जाणूनबुजून. एक गॅसचे फुगे. रस्त्यावर मिळणाऱ्या फुग्यांत हेलियमच्या जागी हायड्रोजन असू शकतो, आणि तो पेटतो. ज्या खोलीत औक्षणाचं निरांजन आणि केकवरची मेणबत्ती आहे तिथे तो नको. दुसरा तो फवाऱ्याचा फेस. त्याच्या डब्यातला वायूही ज्योतीजवळ भडकतो. कोणी भेट म्हणून आणला तर हसून कपाटावर ठेवून द्या, पण मुलांच्या हातात देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

आणि मोजणी. फुटलेल्या फुग्याचा तुकडा किंवा न फुगवलेला फुगा लहान मुलाने तोंडात घातला तर तो घशात चिकटून श्वास कोंडतो. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी हा धोका मानला जातो, आणि आमच्याकडे सगळीच त्या वयाची. म्हणून उरलेले फुगे मोजून वरच्या फळीवर ठेवले, फाटलेले तुकडे लगेच उचलले, आणि कमान मुलांच्या हाताच्या वर बांधली. खेळायला खाली वेगळे फुगे दिलेच नाहीत. त्याऐवजी बायकोने जुन्या ओढण्यांचे चेंडू शिवले होते, पोरं त्यांच्यातच रमली.

पाच वाजता मुलं आली, साडेसहाला गेली. इडली, बटाट्याची भाजी, पत्रावळीवर केकचा तुकडा, द्रोणात चुरमुऱ्याचा चिवडा. तीन वर्षांच्या मुलांना दीड तास पुरतो, त्यानंतर रडारड सुरू होते. लेक पाटावर बसली. आजीने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी फिरवून ओवाळलं. वर कमान हलत होती पंख्याच्या वाऱ्याने. तिने एकदाच वर पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. एकही फुटला नाही.

उतरवायचं काम दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर केलं. टाचणी लावायची नाही. गाठीच्या जरा वर, मानेपाशी रबर सर्वांत कमी ताणलेलं असतं. तिथे कात्रीने बारीक चीर दिली की फुगा फुटत नाही, हळूहळू बसतो. पहिले दोन-तीन लेकीने दाराआडून पाहिले. मग जवळ आली. "बाबा, तो झोपला?" झोपला म्हटलं. मग प्रत्येकाला झोपवायचं तिनेच ठरवलं, एकेक फुगा दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढे आणत गेली आणि मी मोजून पिशवीत टाकत गेलो. चौऱ्याण्णवावा लाल होता. त्याला चीर दिल्यावर हवा बराच वेळ सुस्कारत राहिली, आणि कानांवर हात न ठेवता ती शेवटपर्यंत ऐकत उभी होती.