सलग सात खुर्च्या: चित्रपटाच्या तिकिटांत झालेली आमची फसवणूक

चित्रपटाच्या तिकिटांच्या व्यवहारात आम्ही सात मित्रांनी एका सकाळीत आणि त्याआधीच्या एका संध्याकाळी मिळून ६,१६० रुपये गमावले. रक्कम फार मोठी नाही, हे मान्य आहे. पण ज्या रीतीने ती गेली ती रीत थोड्याफार फरकाने आजही वापरली जाते. आमच्यातला एक जण शिक्षक आहे, एक औषधांचे दुकान चालवतो आणि मी स्वतः पतसंस्थेत हिशेब सांभाळतो, म्हणजे पैशाच्या व्यवहाराला नवखे असे आमच्यात कोणीच नव्हते. म्हणून जे घडले ते क्रमाने लिहीत आहे.

‘स्पायडर-मॅन: नो वे होम’ हा चित्रपट १६ डिसेंबर २०२१ रोजी, अमेरिकेच्या एक दिवस आधी, भारतात प्रदर्शित झाला. त्याआधीचा भाग जुलै २०१९ मध्ये आला होता आणि त्याच्या शेवटी नायकाची खरी ओळख साऱ्या जगापुढे उघड झाली होती; तिथे थांबलेली गोष्ट पुढे सरकायला जवळजवळ अडीच वर्षे गेली. त्या काळात टाळेबंदी आली, आमच्यापैकी दोघांच्या घरची माणसे गेली आणि पुण्यात नोकरी करणारा मित्र दीड वर्ष गावाकडे येऊ शकला नाही. अमळनेरला कॉलेजात असल्यापासून हे चित्रपट आम्ही एकत्र पाहत आलो होतो, त्यामुळे सातही जणांनी पुन्हा एका रांगेत बसण्याचे हेच निमित्त आम्ही मनाशी धरले होते. ही ओढ मुद्दाम सांगतो, कारण तिच्यामुळेच आम्ही साध्या साध्या गोष्टी तपासल्या नाहीत.

राज्यातली चित्रपटगृहे २२ ऑक्टोबर २०२१ पासून उघडली होती, पण निम्म्या आसनक्षमतेवर. आम्ही जाणार होतो त्या जळगावच्या चित्रपटगृहात एक खुर्ची सोडून एक खुर्ची विकली जात होती. गुरुवारच्या सकाळच्या खेळाची तिकिटे आम्ही पाहीपर्यंत संपली होती. ओमायक्रॉनचा राज्यातला पहिला रुग्ण त्याच महिन्याच्या सुरुवातीला सापडला होता आणि चित्रपटगृहांना पुन्हा कुलूप लागेल, अशी चर्चा सगळीकडे होती. पुण्याच्या मित्राची रजा तर शुक्रवारपर्यंतच होती.

मंगळवारी संध्याकाळी, जुन्या वस्तूंची देवघेव चालते अशा एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकाने लिहिले की घरात लग्न निघाल्यामुळे आपल्याकडची तिकिटे द्यायची आहेत. मी विचारपूस केली तेव्हा त्याने आधी मला विचारले, “किती पाहिजेत भो?” मी सात म्हणालो आणि त्याच्याकडे बरोबर सातच तिकिटे निघाली. आज मागे वळून पाहताना मला वाटते की मी तिथेच थांबायला हवे होते. पण त्याने पाठवलेल्या आवाजी निरोपात आपल्याकडचा हेल होता, बोलण्यात ‘भाऊ’ या अर्थाचा ‘भो’ होता, भुसावळच्या रेल्वे वसाहतीत राहतो असे तो सांगत होता, आणि आपल्या बोलीत बोलणारा माणूस आपल्याला फसवील ही शंकाच मनाला शिवली नाही. प्रत्येकी २२० रुपयांप्रमाणे १,५४० रुपये मी त्याच्या यूपीआय खात्यावर पाठवले. त्यानंतर त्याने सातही जणांची लसीकरणाची प्रमाणपत्रे मागितली. दोन्ही मात्रा घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत, त्यामुळे नावे आधी नोंदवावी लागतात, असे कारण त्याने दिले. दोन मात्रांचा नियम खरा होता आणि तो प्रमाणपत्र दारावर दाखवायला सांगत होता. तिकीट विकणाऱ्या तिऱ्हाइताला ते पाठवायला कोणीही सांगितले नव्हते. मी मात्र सातही प्रमाणपत्रे पाठवली. दहा मिनिटांत क्यूआर कोड असलेले तिकिटाचे चित्र आले, त्यावर एका रांगेतल्या ७ ते १३ या खुर्च्या होत्या.

गुरुवारी पहाटे आम्ही निघालो. एसटीचा संप सुरू असल्याने एक गाडी ठरवली होती. धरणगाव, पाळधी करत थंडीत कुडकुडत जळगावला पोहोचलो. खेळ संपल्यावर एका मित्राच्या शेतात भरीत आणि कळण्याच्या पुऱ्यांचा बेत होता; वांगी आणि कापसाच्या काड्या आदल्या दिवशीच शेतात आणून ठेवल्या होत्या.

दारावरच्या माणसाने कोड यंत्राखाली धरला आणि मान हलवली. या तिकिटावर आधीच प्रवेश झाला आहे, असे तो म्हणाला. आमचा आवाज चढला तेव्हा त्याने शांतपणे तिकिटाच्या चित्रावर बोट ठेवले आणि म्हणाला, “दादा, इथे एक सोडून एक खुर्ची आहे. सलग सात खुर्च्या तुम्हाला कोणी दिल्या?” त्याच्या त्या एका वाक्यावर आम्ही सगळे गप्प झालो. कुणीतरी एकाच खऱ्या तिकिटाचा कोड घेऊन खुर्च्यांचे आकडे बदलले होते आणि तेच चित्र अनेकांना विकले होते, कारण आमच्या शेजारी चोपड्याहून आलेले चार विद्यार्थी त्याच रांगेचे, त्याच कोडाचे चित्र हातात धरून उभे होते. “आते काय करानं?” असे त्यांच्यातला एक जण पुन्हा पुन्हा विचारत होता.

एवढ्यावर थांबलो असतो तर नुकसान १,५४० रुपयांचेच राहिले असते. मी त्या माणसाला फोन लावला आणि त्याने तो लगेच उचलला. त्याने माफी मागितली, गोंधळ झाला असे म्हणाला आणि पैसे लगेच परत करतो असे सांगितले. माझ्या मोबाइलवर १,५४० रुपयांची विनंती आली, तिच्यावर ‘रिफंड’ असे लिहिलेले होते. ती स्वीकारून पिन टाका, रक्कम जमा होईल, असे तो फोनवर बोलत राहिला. मी पिन टाकला आणि माझ्याच खात्यातून १,५४० रुपये वजा झाले. हे सांगितल्यावर तो घाबरल्यासारखा बोलू लागला, चुकून उलटे झाले, आता मिळून ३,०८० रुपये पाठवतो म्हणाला, १,५४० रुपयांच्या आणखी दोन विनंत्या पाठवल्या, आणि आत चित्रपट सुरू होत असताना, मित्र भोवती उभे असताना, मी त्या दोन्हींवर पिन टाकला. रोज दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या माझ्या हातून हे घडले. यूपीआयचा पिन हा आपल्या खात्यातून पैसे देण्याची संमती असतो, आणि आपल्याला पैसे मिळायचे असतील तर तो कधीच टाकावा लागत नाही, हे मला ठाऊक होते. पण समोरचा माणूस अखंड बोलत होता आणि ठाऊक असलेली गोष्ट आठवायला लागतो तेवढा अवधीसुद्धा त्याने मला मिळू दिला नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी मागणी पाठवण्याची यूपीआयवरची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. तरीही ‘हा कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील’ असे सांगून तोच डाव खेळता येतो, म्हणून ही गोष्ट जुनी झाली असे समजू नये.

त्यानंतर मी आणखी एक चूक केली, आणि तिची खंत मला सर्वांत जास्त वाटते. त्या वेळी १५५२६० ही मदतवाहिनी होती, आता तिचा क्रमांक १९३० आहे. तिथे ताबडतोब कळवले तर ज्या बँकेच्या खात्यात पैसे गेले तिला सूचना जाते आणि रक्कम पुढे सरकण्याआधी रोखता येते. मी लाजेपोटी तो दिवस तसाच जाऊ दिला. घरी अप्पांना काय सांगायचे याचाच विचार करत राहिलो आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर पैसे त्या खात्यातून निघून गेले होते. बँकेतही गेलो. ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांत त्याला संरक्षण देणारे रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक तेव्हा लागू होते, त्रयस्थामुळे झालेला असा प्रकार तीन कामकाजी दिवसांत कळवला तर त्यानुसार ग्राहकावर भुर्दंड पडत नसे. पण प्रत्येक वेळी पिन मी स्वतः टाकला होता, त्यामुळे ते मला लागू होत नाही, असे तिथे सांगण्यात आले.

भरीत त्या दिवशी झालेच नाही. चित्रपट आम्ही आठवड्याने पाहिला, तिकीट खिडकीवर उभे राहून तिकिटे काढली आणि एक सोडून एक अशा खुर्च्यांवर बसलो. सहाच जण होतो, कारण पुण्याच्या मित्राची रजा संपली होती आणि तो परत गेला होता. बाकीच्या सहाही मित्रांनी मिळून माझ्या नुकसानीतला वाटा उचलायचे ठरवले, मी नको म्हणालो तरी त्यांनी ऐकले नाही.

फेब्रुवारीत औषधांचे दुकान चालवणाऱ्या मित्राला एक फोन आला. त्याच्या नावावर कर्ज मंजूर झाले आहे, पडताळणीसाठी मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा, असे पलीकडची बाई म्हणत होती. त्याचे पूर्ण नाव, वय आणि आधारचे शेवटचे चार आकडे तिने न चुकता सांगितले, त्यामुळे तो क्षणभर तयारही झाला होता. मग विश्वास बसावा म्हणून तिने त्याने लस कोणत्या केंद्रावर घेतली तेही सांगितले, आणि ही सगळी माहिती कोणत्या कागदावर एकत्र छापलेली असते हे त्याच्या ध्यानात आले. त्याने फोन ठेवला आणि मला कळवले. ती सात प्रमाणपत्रे मीच पाठवली होती, आणि ती परत मिळवण्याचा कोणताही मार्ग मला सापडलेला नाही.