सॉफ्टवेअरचं लेखन घ्यावं की विज्ञानाचं?

ठाणे-बेलापूर रस्त्यावर फ्रीलान्स टेक्निकल रायटरला दोन्ही क्लायंट सापडतात: ऐरोली-महापेत सॉफ्टवेअरवाले, टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) एमआयडीसीत केमिकल आणि औषधवाले.

सॉफ्टवेअरचं काम लवकर हाताला लागतं. एपीआय डॉक्युमेंटेशन (एक प्रोग्राम दुसऱ्याशी कसा जोडायचा त्याची माहिती), रिलीज नोट्स (नव्या व्हर्जनमध्ये काय बदललं), युजर गाइड. मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर सजवायची पद्धत) आणि गिट (फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) जमलं की सुरुवात होते. पण नवं व्हर्जन आलं की मेन्यू बदलतो, स्क्रीनशॉट पुन्हा घ्यावे लागतात. म्हणून दर पानावर नको, तासावर ठरवा.

विज्ञानाकडे कामाची चाल संथ, पण चूक महागात पडते. जीएचएस (रसायनांचे धोके सगळीकडे एकसारखे दाखवायची आंतरराष्ट्रीय पद्धत) नुसार बनणाऱ्या सेफ्टी डेटा शीटमध्ये, म्हणजे रसायनाच्या सुरक्षा-माहितीपत्रकात, १६ विभाग ठरलेल्या क्रमानेच येतात. प्रथमोपचार चौथ्यात, हाताळणी आणि साठवणूक सातव्यात. कामगाराच्या डोळ्यात रसायन उडालं आणि कुणी धावत येऊन ते पान उघडलं, तर वाक्य एका वाचनात कळलंच पाहिजे. प्रत्येक आकडा, प्रत्येक एकक पडताळावं लागतं. त्या पडताळणीचे तास कोटेशनमध्ये धराच, त्यात संकोच कसला?

रसायनशास्त्राची पदवी असेल तर मी बेधडक हीच वाट सुचवेन. कोड वाचायला आवडतो त्यांनी ऐरोली गाठावी. गोपनीयतेचा करार बहुधा दोन्हीकडे असतो, क्लायंटचं काम इतरांना दाखवता येत नाही; तेव्हा नमुन्यादाखल एखाद्या ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पासाठी लिहून ठेवा.