शेअर्ड फोल्डरच्या परवानग्या: आठ महिन्यांनंतर

सांगलीतलं आमचं सीएचं ऑफिस. अकरा माणसं आणि कपाटाआड ठेवलेला एक विंडोज सर्व्हर. पूर्वी सगळे फोल्डर सगळ्यांना उघडे असत. एका आर्टिकलच्या (सीए होण्यासाठी आमच्याकडे शिकणाऱ्या मुलाच्या) हातून क्लायंटची बॅलन्स शीट उडाली आणि कुठला फोल्डर कुणी उघडायचा, कुणी बदलायचा याच्या परवानग्या लावायचं काम सरांनी माझ्या गळ्यात घातलं. मी अकाउंटंट; आयटीतलं ज्ञान प्रिंटर बंद करून चालू करण्यापुरतं.

पहिला घोळ फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' या दोन टॅबचा; परवानग्या दोन्हीकडे लावता येतात. नेटवर्कवरून येणारा दोन्ही चाळण्यांतून जातो आणि बारीक चाळणीचंच चालतं. सिक्युरिटीत सगळं देऊनही कुणाला फाइल सेव्ह होईना, कारण शेअरिंगमध्ये फक्त 'रीड' होतं. आता शेअरिंग मोकळं सोडलंय, लगाम सिक्युरिटीत. 'डिनाय'ला, म्हणजे थेट मनाईला, मात्र हात लावत नाही. 'एव्हरीवन'ला, म्हणजे सगळ्यांना, डिनाय केलं, तर त्या एव्हरीवनमध्ये मीही होते!

सुरुवातीला एकेका माणसाच्या नावाने परवानग्या दिल्या. आर्टिकल येतात-जातात, यादी वाढतच गेली. आता तीन ग्रुप आहेत. माणूस बदलला की ग्रुपमधलं नाव बदलायचं. नाव घातल्यावर त्याने एकदा लॉग आउट करून परत आत यायला हवं, नाहीतर "मॅडम, अजून उघडत नाही" ऐकायची तयारी ठेवा. 'फुल कंट्रोल' कुणालाच नाही, कारण त्यात परवानग्या बदलायचीही मुभा येते. कामाला 'मॉडिफाय' (फाइल उघडणं, बदलणं, पुसणं) पुरतं.

खरा दणका पगाराच्या फाइलने दिला. ती उघड्या फोल्डरमधून कट करून बंद 'पगार' फोल्डरमध्ये पेस्ट केली आणि सरांसाठीचा तिचा पाथ (सर्व्हरवरचा पूर्ण पत्ता) चुकून ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. म्हटलं, फोल्डर बंद आहे, काय होतंय! फाइल सगळ्यांना उघडली. एकाच ड्राइव्हवर हलवलेली फाइल जुन्या परवानग्या सोबत घेऊन जाते, आणि पूर्ण पाथ हाताशी असला की वरच्या फोल्डरचं कुलूप आड येत नाही. कॉपी केली असती तर तिला नव्या फोल्डरच्या परवानग्या लागल्या असत्या. त्या आठवड्यात चहाला कुणी माझ्याशी बोलत नव्हतं.

मग वरून खाली परवानग्या नव्याने लावल्या आणि ज्याला हक्क नाही त्याला फोल्डर दिसूच नये, ही सोयही चालू केली. दुसऱ्या दिवशी एकजण विचारतो, "पगार फोल्डर डिलीट केलात का?" मी हो म्हटलं.