लांब पल्ल्यासाठी स्कोप माउंट: पक्क्या उताराची रेल की बदलता कोन?

तेजस्विनी सावंत यांचं 2010चं म्युनिकमधलं जागतिक विजेतेपद आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं कांस्य, दोन्ही 50 मीटरवरची आणि दोन्ही पीप साइटवरची, म्हणजे स्कोपविना, बारीक छिद्रातून नेम धरून. त्यामुळे कोल्हापुरात रायफल कळणारी माणसं पुष्कळ आहेत. पण छोट्या काडतुसाची .22 रायफल घेऊन 200-300 मीटरकडं वळणाऱ्याला स्कोप (नेमाची दुर्बीण) रायफलीवर धरून ठेवणाऱ्या माउंटबद्दल नेमकं सांगणारं कुणी पटकन भेटत नाही.

आधी हिशेब करा. मिल आणि एमओए ही कोनाची मापं: 1 मिल म्हणजे 100 मीटरवर 10 सेंटिमीटर, 1 एमओए म्हणजे तिथंच सुमारे 2.9 सेंटिमीटर. 50 मीटरवर झिरो केलेल्या (नेम आणि गोळी तिथं जुळवलेल्या) सबसॉनिक, म्हणजे आवाजाहून मंद गोळीच्या .22 ला 200 मीटरसाठी स्कोपवर साधारण 8 मिल चढवावे लागतात, 300 साठी 15 च्या आसपास. समजा, तुमच्या स्कोपमध्ये वर-खाली मिळून 20 मिलचं समायोजन आहे. सपाट रेलवर (रायफलीवरची पट्टी, जिच्यावर स्कोप बसतो) मधोमध धरून वर 10 मिळतात. पण .22 ची गोळी इतकी मंद, की 50 मीटरच्या झिरोलाच त्यातले तीनाहून जास्त खर्ची पडतात. उरतात साडेसहा. म्हणजे 200 मीटरसुद्धा गाठत नाही, स्कोप कितीही महाग असो.

20 एमओए उताराची, म्हणजे मागून थोडी उंच रेल लावली की 5.8 मिल वाढतात आणि 200 आरामात होतं. 300 साठी 40 एमओए लागते. तिनं सुमारे 18 मिल हाती येतात आणि 50 चा झिरोही जेमतेम राहतो. .308 सारख्या वेगवान रायफलीवर हाच 40 चा उतार अशा स्कोपला 100 मीटरवर झिरोच होऊ देणार नाही. दुसऱ्याची रेल बघून आपली घेऊ नका, ते यासाठीच.

माझा कौल बहुतेकांसाठी पक्क्या रेलला आणि दोन चांगल्या रिंगांना (स्कोपची नळी धरणाऱ्या कड्यांना) आहे. त्यात हलणारं काही नसतं. 150 मिलिमीटर लांबीत 20 एमओए म्हणजे मागची बाजू फक्त 0.87 मिलिमीटर उंच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम होण्यासारखं आहे, पण उतार एकाच सेटिंगमध्ये मिलिंगवर कापून घ्या. मागच्या रिंगखाली पत्र्याची पट्टी सरकवणं मात्र टाळाच: रिंगा एका रेषेत राहत नाहीत, नळीवर ताण येतो. रेल बदलायची नसेल तर बरिसच्या सिग्नेचर रिंगा बघा. त्यांच्या आतले सरकमध्य (मध्यापासून सरकवलेल्या छिद्राचे) इन्सर्ट रिंगेत फिरून बसतात, त्यामुळे नळी न पिळता कोन मिळतो.

कोन बदलणारं माउंट, उदाहरणार्थ एराटॅकचं 0 ते 70 एमओएचं, दोघांनाच खरं उपयोगी: ज्यांना एकच स्कोप वेगवेगळ्या रायफलींवर फिरवायचा आहे, आणि ज्यांचा पल्ला पक्क्या रेलच्या पलीकडं गेला आहे. त्याचा आणखी एक फायदा कमी लोक लक्षात घेतात. टरेट (स्कोपवरची नेम वर-खाली करायची घुंडी) अगदी टोकाला नेला की गोल नळीत आडव्या समायोजनाला जागा उरत नाही आणि चित्रही बिघडतं. कोन माउंटनं दिला तर स्कोप मध्याजवळ काम करतो. पण वजन, किंमत आणि आणखी एक सैल होऊ शकणारा सांधा गळ्यात पडतो.

चार्ली टॅरॅकसारखं प्रिझमचं युनिट स्कोपच्या पुढं बसतं आणि प्रतिमाच ठरलेल्या कोनानं सरकवतं, त्यामुळे स्कोपचा झिरो जागच्या जागी राहतो. हजार मीटरच्या बराच पलीकडचा हा मामला आहे. .22 वाल्यानं त्यात पैसे घालू नयेत, ते काडतुसांवर घालावेत.

काहीही घेतलं तरी स्क्रू टॉर्क पान्यानंच, उत्पादकानं दिलेल्या आकड्यापर्यंत आवळा. मग 100 मीटरवर ओळंब्यानं उभी रेष आखून 5 मिल चढवा: गोळ्या बरोबर 50 सेंटिमीटर वर आणि रेषेवरच लागल्या पाहिजेत. बदलत्या कोनाचं माउंट असेल तर कोन बदलून पुन्हा मूळ जागी आणा आणि झिरो तपासा. हे काही वेळा करूनही गोळ्यांचा गट हलला नाही, तरच ते ठेवा.