आर्दुइनो आयडीई की प्लॅटफॉर्मआयओ?

मायक्रोकंट्रोलर बोर्डांसाठी, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डांसाठी, कोड लिहून तो त्यांवर चढवायची ही दोन साधनं. नुसता एलईडी लुकलुकवायचा असेल तर आर्दुइनो आयडीईला तोड नाही. बोर्ड निवडा, अपलोडचं बटण दाबा, झालं. फंक्शनचे प्रोटोटाइप (कोडच्या सुरुवातीला करायच्या त्यांच्या घोषणा) लिहायचे राहिले तरी ती मागच्या मागे घालून देते. २०२२ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून निवडक बोर्डांसाठी डीबगरही, म्हणजे कोड थांबवत चुका शोधायचं साधनही, मिळालं.

खरी डोकेदुखी लायब्रऱ्यांची, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडची. आर्दुइनो आयडीईत त्या सगळ्या स्केचना (तिथल्या प्रोग्रॅमना) सामाईक. आज नव्या कामासाठी एखादी अपडेट केली की सहा महिन्यांपूर्वीचा चालता कोड रुसून बसतो. प्लॅटफॉर्मआयओमध्ये बोर्ड, फ्रेमवर्क आणि लायब्ररीची नेमकी आवृत्ती प्रोजेक्टच्याच एका आयएनआय (सेटिंगच्या) फाइलमध्ये लिहून ठेवता येते. फोल्डर सहकाऱ्याला दिलं की त्याच्याकडेही त्याच लायब्रऱ्या येतात. त्याच फाइलमध्ये ईएसपी३२ आणि एसटीएम३२ हे वेगळे मायक्रोकंट्रोलर शेजारी शेजारी नांदतात, हे मला सर्वांत आवडलं.

प्लॅटफॉर्मआयओचं पहिलं बिल्ड मात्र अंत पाहतं, कारण टूलचेन (कोडचं बोर्डाच्या भाषेत रूपांतर करणारी साधनं) तेव्हाच उतरते. शिवाय बहुतेक जण ते व्हीएस कोड या कोड एडिटरचं एक्स्टेंशन म्हणून वापरतात. नवख्याला तो पसारा जड जातो. म्हणून शिकवताना मी आर्दुइनोच उघडतो, आणि फाइली चार-पाच झाल्या की मुक्काम प्लॅटफॉर्मआयओत हलवतो. हलवताना सीपीपी (सी++ कोडच्या) फाइलच्या डोक्यावर आर्दुइनोची हेडर फाइल स्वतः जोडावी लागते. मी दर वेळी विसरतो.