सहा वर्षं डीटीपी केल्यावर घेतलेली ग्राफिक डिझाइनची पदवी: माझा अनुभव (पाचपैकी चार तारे)

"सगळी सॉफ्टवेअर येतात तुला, मग चार वर्षं घालवून डिग्री कशाला?" प्रवेश घेताना घरच्यांनी हेच विचारलं, छापखान्यातल्या सहकाऱ्यांनीही. आता पदवी हातात आल्यावर ओळखीतली मुलं-मुली तोच प्रश्न घेऊन येतात. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मी विद्यापीठात ग्राफिक डिझाइनचा चार वर्षांचा अभ्यासक्रम वयाच्या ३३व्या वर्षी पूर्ण केला. त्याआधी सहा वर्षं एका ऑफसेट छापखान्यात डीटीपी ऑपरेटर होते, म्हणजे छापायची पानं संगणकावर जुळवायचे. पावती पुस्तकं, पत्रकं, स्मरणिका, औषधांची खोकी, जे येईल ते लावायचं. ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जास्तीची कड, ३ मिलिमीटर सोडायचं, सेंटर पिनच्या, म्हणजे मधोमध पिना मारलेल्या, पुस्तिकेची पानं चारच्या पटीत बसवायची, बारीक मजकूर फक्त काळ्या प्लेटवर ठेवायचा, कारण तो चारही रंगांत गेला आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं, केसभर जरी हललं तरी अक्षरांना रंगीत सावल्या फुटतात. हे सगळं मला आधीच येत होतं. त्यामुळे मी वर्गात बसले तेव्हा मनात एकच विचार होता की यापलीकडे हे लोक मला काय देणार आहेत.

उत्तर दुसऱ्याच आठवड्यात मिळालं. काळ्या कागदातून रोमन लिपीतला कॅपिटल एच आणि कॅपिटल ओ कापायचा, दोन्ही एकाच उंचीचे दिसायला हवेत, एवढाच स्वाध्याय होता. मी पट्टी लावून दोन्ही बरोबर १०० मिलिमीटरचे कापले. कडा स्वच्छ, कुठे दातरं नाही. बाईंनी ते भिंतीवर लावले आणि मला वर्गाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभं राहायला सांगितलं. तिथून ओ बुटका दिसत होता. मी परत येऊन मोजला, शंभरच भरला. पुन्हा मागे गेले, पुन्हा बुटका. बाई म्हणाल्या, "पट्टी बरोबर आहे. पण वाचणाऱ्याच्या हातात पट्टी नसते." मग मी ओ वरखाली मिळून जेमतेम दोन मिलिमीटरने वाढवला आणि दोन्ही अक्षरं एका ओळीत आली.

गोल आकार आडव्या रेषेला फक्त एका बिंदूवर टेकतो, म्हणून डोळ्याला तो आखूड वाटतो. चांगल्या फाँटमध्ये ओ किंचित वरखाली बाहेर काढलेला असतो, ए चं टोकही तसंच. सहा वर्षं मी रोज हजारो अक्षरं लावत होते आणि हे मला कधी दिसलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन जुनी पत्रकं काढली, तर प्रत्येक ओ तसाच होता.

पहिलं पूर्ण वर्ष असंच जातं. कागद, शाई, पेन्सिल, कात्री. काळा चौकोन पांढऱ्या पानावर कुठे ठेवला की जड वाटतो, एकच करडा रंग काळ्यावर आणि पांढऱ्यावर वेगळा का दिसतो, असे स्वाध्याय. संगणकाला हात लावायचा नाही म्हणून बरीच मुलं वैतागतात. इतिहासाच्या तासाला कळलं की ही पद्धत १९१९ साली जर्मनीत वायमारमध्ये सुरू झालेल्या बाउहाउस या डिझाइनच्या शाळेकडून आली आहे. तिथले शिक्षक योहानेस इटेन यांनी सगळ्या विद्यार्थ्यांसाठी एक प्राथमिक अभ्यासक्रम बसवला होता. ती शाळा १९३३ मध्ये बंद पडली, जेमतेम चौदा वर्षं चालली, तरी शंभर वर्षांनी आम्ही तसलेच चौकोन कापत होतो. मला हे वर्ष सगळ्यात जास्त आवडलं. प्रवेश घेणार असाल तर या वर्षात घाई करू नका.

इतिहास हा विषय मी आधी पाठांतराचा समजत होते. ओटो न्यूरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२०च्या दशकात व्हिएन्नात आकडेवारी चित्रांतून मांडायला सुरुवात केली, पुढे त्या पद्धतीला आयसोटाइप नाव पडलं. त्यांचा एक नियम होता: संख्या वाढली की चित्र मोठं करायचं नाही, तेच चित्र जास्त वेळा काढायचं. माणसाची आकृती दुप्पट उंच केली की रुंदीही दुप्पट होते, म्हणजे क्षेत्रफळ चौपट, आणि बघणाऱ्याला वाढ चौपट वाटते. हे शिकवत होते तेव्हा मला छापखान्यातला एक वार्षिक अहवाल आठवला. त्यात मी सभासद दुप्पट झाले हे दाखवायला दुप्पट उंचीचा माणूस काढला होता. हजारो प्रती गेल्या त्याच्या. कोणाला फसवायचं मनात नव्हतं, पण वाचणाऱ्यांना मी चुकीचंच सांगितलं. त्या दिवसापासून तक्ता करताना मी आधी क्षेत्रफळ बघते.

या पदवीचं खरं मोल मला तिसऱ्या वर्षी कळलं. औषधाच्या खोक्यातलं माहितीपत्रक नव्याने मांडायचं होतं. हा तर माझा हातचा माल. आठवड्यात करून टाकलं, सुबक स्तंभ, ७ पॉइंटचा (पॉइंट हे अक्षरांच्या आकाराचं माप) करडा मजकूर, मथळ्यांना निळी पट्टी. क्रिटला, म्हणजे सगळ्यांसमोर काम भिंतीवर लावून चर्चा होते तेव्हा, सरांनी रंगसंगतीबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांनी विचारलं, "हे कोणाला वाचायला दिलंस?" कोणालाच दिलं नव्हतं. मग आठ जणांना द्यायचं, प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचे आणि आपण मध्ये बोलायचं नाही, असं ठरलं.

त्यातले एक आजोबा होते. प्रश्न होता, "एक गोळी घ्यायची राहिली तर काय करायचं?" उत्तर मी आतल्या बाजूला तिसऱ्या स्तंभात ठळक करून ठेवलं होतं. आजोबांनी पत्रक उघडलंच नाही. घडीची वरची बाजू बघितली, उलटून मागची बघितली, चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ नेला, पुन्हा वरची बाजू. मग पत्रक मांडीवर ठेवून मला म्हणाले, "दिलेलं नाही यात." उत्तर घडीच्या आत, त्यांच्या बोटांपासून दोन इंचांवर होतं. मला तोंड उघडायची परवानगी नव्हती. मी नुसती लिहीत बसले आणि मला रडू येत होतं.

छापखान्यात माल गाडीत चढला की माझं काम संपायचं. मी मांडलेलं पान एखादा माणूस वाचतोय हे सहा वर्षांत एकदाही समोर बसून बघितलं नव्हतं. दुसऱ्या मसुद्यात चुकलेल्या गोळीची सूचना घडीच्या बाहेरच्या बाजूला आणली, मजकूर १० पॉइंट केला, करडा काढून निखळ काळा घेतला, निळी पट्टी गेली. आठातल्या सात जणांना उत्तर सापडलं. दिसायला ते पत्रक पहिल्यापेक्षा साधं आहे आणि माझ्या पोर्टफोलिओत पहिल्या पानावर आहे.

आता तक्रारी. दुसऱ्या वर्षी जवळजवळ एक सत्र सॉफ्टवेअर शिकवण्यात गेलं. मेनूत काय कुठे आहे हे प्रोजेक्टरवर बघत बसायचं. ज्यांना येत होतं ते कंटाळले, ज्यांना येत नव्हतं त्यांना वेग झेपला नाही. हे घरी बसून शिकता येतं, चित्रांसाठी इंकस्केप आणि पानं लावायला स्क्रायबस ही सॉफ्टवेअर तर फुकट मिळतात. तेवढे तास छपाईच्या कार्यशाळेला द्यायला हवे होते. कार्यशाळा होती, खिळे, म्हणजे अक्षरांचे सुटे ठसे, जुळवायचं जुनं सामान होतं, स्क्रीन प्रिंटिंगची टेबलं होती, पण ती आठवड्यातून दोनच दिवस उघडायची आणि दुपारी चारला कुलूप लागायचं. माझ्या वर्गातल्या काही मुलांनी पदवी घेतली तरी कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंचा कल, कुठल्या दिशेला आहे हे हाताने ओळखता येत नाही. जाड कागदावर ग्रेनच्या आडवी घडी घातली की ती तडकते, हे त्यांना पहिल्या नोकरीत, छापून झालेल्या मालावर कळेल. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी तक्रार मोठी आहे. टायपोग्राफीचे, म्हणजे अक्षरांच्या मांडणीचे, तीन पेपर झाले आणि तिन्ही रोमन लिपीवर. जे नियम शिकवले ते आपल्या लिपीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. रोमनमध्ये मथळा वेगळा दाखवायला कॅपिटल अक्षरं आहेत, देवनागरीत ती नाहीतच. रोमनमध्ये अक्षरांतलं अंतर वाढवलं तर शब्द ऐसपैस होतो, देवनागरीत तेच केलं की शिरोरेषा तुटते. ओळींमधल्या अंतराचं तर विचारूच नका. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात मी मराठी पाठ्यपुस्तकाचं एक पान घेतलं. शिकवल्याप्रमाणे ११ पॉइंटच्या अक्षराला ओळ ते ओळ १३ पॉइंटचं अंतर दिलं, तर वरच्या ओळीतल्या 'कृ'ची शेपटी खालच्या ओळीतल्या 'र्की'च्या रफारावर जाऊन बसली. चौदा केलं, पंधरा केलं, शेवटी सतरावर पान मोकळं झालं. हे सांगायला विभागात कोणी नव्हतं. बाहेरच्या एका अक्षररचनाकारांकडे जाऊन, त्यांचा वेळ मागून मी शिकले. एक तारा मी याचसाठी कापला आहे.

बाकी आंतरवासिता, सादरीकरणं, गटकाम ठीक होतं. वेबच्या विषयात मजकूर आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ ठेवायची सवय लागली, ती मी छापील कामातही पाळते.

कोणी घ्यावी ही पदवी? नुसती नोकरी मिळवायला सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर चार वर्षं फार आहेत, छोटा कोर्स आणि एखाद्या चांगल्या छापखान्यात उमेदवारी पुरेल. पण तुम्ही आधीच हे काम करत असाल आणि आपलं पान लोक का वाचत नाहीत हे कळत नसेल, तर वय न बघता जा. फी भरण्याआधी विभागात एकदा प्रत्यक्ष फिरून या. भिंतींवर विद्यार्थ्यांची अर्धवट, खाडाखोड केलेली कामं लावलेली आहेत का ते बघा. तुमच्या लिपीचा पेपर आहे का, असेल तर तो कोण शिकवतं, हे विचारा. आणि कार्यशाळेत जाऊन तिथल्या माणसाला विचारा की संध्याकाळी सहानंतर किल्ली मिळते का.