ट्यूब स्कायलाइट: माजघरात उजेड आणणारी नळी

जुन्या घराला मागच्या बाजूने खोली वाढवली की आधीची खिडकी भिंतीआड जाते. नवी खोली लख्ख, आणि मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लागतो. ट्यूब स्कायलाइट हा त्यावरचा संच: छतावर पारदर्शक घुमट, त्याखाली आतून आरशासारखी चकचकीत ॲल्युमिनियमची नळी आणि सिलिंगला उजेड पसरवणारा डिफ्यूझर.

व्यास निवडताना चिकटपणा करू नये. २५० मिमीऐवजी ३५० मिमी घेतली तर तोंडाचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होतं, फोडकाम मात्र फारसं वाढत नाही. त्याहून महत्त्वाचं नळीचं अस्तर. ते ९५ टक्के प्रकाश परावर्तित करणारं असेल, तर दहा वेळा आपटलेल्या किरणांतला ६० टक्केच उजेड उरतो. ९८ टक्क्यांच्या अस्तरात ८२ टक्के उरतो. नळी लांब किंवा वळणाची असली की आपटणं वाढतं, म्हणून तिथे हा फरक ठळक दिसतो. वळणं घेत नेता येणारी चुणीदार लवचिक नळी बसवायला सोपी, पण प्रत्येक चुणीत उजेड मरतो. ती घेऊच नये.

बसवताना आधी खालून मध्य ठरवावा आणि ओळंब्याने वर जुळवावा. स्लॅब असेल तर सळ्या आणि वायरिंगचे पाइप डिटेक्टरने शोधून मगच कोअर कटिंग, म्हणजे यंत्राने गोल भोक पाडणं. जुन्या स्लॅबची सळई गंजलेली असेल किंवा तुळई जवळ असेल, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय भोक पाडू नये.

गळती होते ती बहुतेक वेळा फ्लॅशिंगपाशी, म्हणजे नळी आणि छत यांचा सांधा झाकणाऱ्या पत्र्यापाशी. घुमटाला उगाच बोल लागतो. सपाट छतावर भोकाभोवती किमान १५० मिमी उंच कठडा बांधून वॉटरप्रूफिंग त्यावर चढवावं. कौलांवर फ्लॅशिंगची वरची कड कौलांखाली आणि खालची कड कौलांवर यायला हवी. हे चुकलं की सिलिकॉनच्या भरवशावर काम उरकलं जातं, आणि ऊनपावसात पत्रा आकुंचन-प्रसरण पावला की ते सुटतं.

न्हाणीघरात दुसरी अडचण. दमट हवा नळीत शिरून थंड भागावर पाणी धरते आणि डिफ्यूझरमधून ठिबकते. लोक ती गळती समजून छत उकरतात! सांध्यांना ॲल्युमिनियम टेप, डिफ्यूझरला घट्ट गॅस्केट आणि माळ्यातल्या नळीला उष्णतारोधक वेष्टण, एवढं पुरतं. आतली संरक्षक फिल्म काढायला विसरू नये. ती राहिली की महागडं अस्तर फुकट.

पॅसेज, जिना, न्हाणीघर यांसाठी ही नळी डोळे मिटून घ्यावी. बसण्या-उठण्याच्या खोलीत मात्र ती खिडकीची जागा घेत नाही: वारा नाही, बाहेरचं काही दिसत नाही. झोपायच्या खोलीत लावायचीच असेल तर उजेड बंद करणारी झडप आधीच मागवावी. काही संचांत ती नंतर बसत नाही.